हात घरचाच आहे

...नाही, पण मला एक सांगा, शेक घ्यायला या म्हटलं की दार उघडायच्या आधी येऊन उंबऱ्यावर बसणारा माणूस, व्यायामाला या म्हटलं की जातो कुठे? जमीन गिळते का त्याला? परवा एक आजोबा, गुडघ्याचे, चांगला शेक घेऊन, करंट लावून घेऊन, लाल लाइटखाली एक डुलकी काढून उठले, आणि मी म्हटलं आजोबा, आता पाय उचला, तर मला म्हणतात, आज नको, आज जरा बरं वाटतंय. आता बरं वाटतंय म्हणून व्यायाम नको, बरं नसलं की दुखतंय म्हणून व्यायाम नको, मग करायचा कधी? आणि गुडघा कोणाचा आहे? माझा आहे का?

तुम्हाला सांगते, हा प्रश्न मी दिवसभर इतका विचारते की झोपेतही विचारते असं मम्मी म्हणते. गुडघा कोणाचा? मान कोणाची? हात कोणाचा? आमच्या घरी डोरोथीबाई, म्हणजे माझी मम्मी, पहाटे उठून चर्चला निघते तेव्हा माझ्या खोलीतून आवाज येतो, 'हात कोणाचा?' आणि ती दारातून म्हणते, 'देवाचा, झोप आता.'

मी फिजिओथेरपिस्ट. म्हणजे हाड जोडतो तो मोठा डॉक्टर, आणि मग जे आखडून बसलेलं असतं ते ओढून, वाकवून, पेशंटच्या शिव्या खाऊन मोकळं करते ती मी. नाव वेन्डी, राहणार कांजूर गाव. हो, गाव. कांजूरमार्ग म्हटलं की लोक पटकन नाकाला रुमाल लावतात, पण कचऱ्याचा डोंगर आत्ता आला हो, आमचा क्रूस त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे उभा आहे. असो. तर शिकायला गेले स्कॉटलंडला. तिथे पेशंट कसे, तर एक बाई काठी टेकत बर्फातून यायच्या आणि बस चुकली म्हणून थोडा उशीर झाला तर अशी माफी मागायच्या की मलाच रडू यायचं. ते सगळं बघून, शिकून, डोक्यात आग घेऊन मी परत आले. म्हटलं, आपल्या लोकांना हे द्यायचं. आपल्या लोकांना! मम्मीने विचारलं, आपल्या लोकांनी मागितलंय का? मी म्हटलं, मम्मी, प्लीज.

आणि लागले भांडुपच्या बाजूच्या एका सरकारी हॉस्पिटलात. नाव घेत नाही, काय आहे, तिथली माणसं चांगली आहेत. तळमजल्यावर मागे एक लांबट खोली, तीन खाटा, एक कप्पी, शेकाचं पातेलं, भिंतीला लावलेली शिडी, आणि बाहेर बाकावर अख्खं भांडुप. योजनेचं कार्ड असलेल्याला सगळं फुकट. शेक फुकट, करंट फुकट, मी फुकट.

आमचे मोठे म्हणजे चंद्रप्रकाश सर. सगळी नोकरी त्याच खोलीत. पहिल्या दिवशी त्यांनी मला खुर्ची दिली, कटिंग दिला आणि ज्ञान दिलं. म्हणाले, वेन्डी, एक लक्षात ठेव, फुकटची गोष्ट अंगाला लागत नाही. हे लोक येणार नाहीत, आले तर शेकाला येतील, सांगितलेलं काही घरी करणार नाहीत, आणि सहा महिन्यांनी येऊन म्हणतील, सर, फरक नाय पडला. आता हे बोलतात कोण? तर दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून, न आलेल्या एकेका पेशंटला स्वतःच्या मोबाइलवरून फोन करून, 'मरायचंय का तुला तसंच, लंगडत?' असं प्रेमाने विचारणारे सर. पण मी तेव्हा नवीन. मी पेटले. म्हटलं, सर, फुकट म्हणून नाही, आपण त्यांना मान देत नाही म्हणून. त्यांना कोणी सांगितलंच नाही की शरीर तुमचं आहे, तुम्हीच त्याचे मालक, तुमच्यासाठी दुसरं कोणी ते हलवू शकत नाही. सर म्हणाले, बरं, चहा गार होतोय.

आणि मी सुरू केला वर्ग. सोमवार आणि गुरुवार, खांदेवाल्यांचा. आधी भाषण, मग व्यायाम. भाषणाच्या शेवटी मी विचारायचे, 'हात कोणाचा?' आणि सगळ्यांनी म्हणायचं, 'आमचा!' काय घुमायची हो ती खोली. शेजारी एक्स-रेवाले विचारायला आले, कसला मोर्चा आहे.

आता ही सुगंधा ऐका.

सुगंधाचा केस पेपर मला आयता मिळाला होता. माझ्या आधी जो फिजिओ होता त्याने तपासून लिहून ठेवलेलं, आणि तो गेला खाजगीत. वय पन्नाशीच्या पुढे, डायबेटिस, उजवा खांदा आखडलेला. हात कमरेच्या जरा वर येतो आणि अडकतो. डायबेटिसवाल्यांचं होतं असं, सांध्याच्या भोवतीची पिशवी आवळत जाते, हळूहळू, आणि एक दिवस बाईला कळतं की आपल्याला आपला अंबाडा घालता येत नाही. खाली मोठ्या डॉक्टरांचा शेरा. व्यायामाने सुटला तर ठीक, नाहीतर भूल देऊन खांदा जोर लावून मोकळा करायचा. आणि पुढे कंसात, पेशंट भुलीला घाबरते. आणि नुसती घाबरते असं नाही, तिची थोरली बहीण भुलीतून उठलीच नव्हती, गावाला, कुडाळकडे. तेही कोणीतरी बारीक अक्षरात लिहून ठेवलेलं. मी ते वाचलं आणि ठरवलं. हिला भूल द्यायची वेळ येऊ द्यायची नाही. काही झालं तरी नाही.

सोमवारी मी पुकारलं, सुगंधा! आणि एक बाई उठली, 'हजर' म्हणाली. शाळेत म्हणतात तसं. मला इतकं बरं वाटलं. वयाच्या मानाने अंगाने अगदी काटक, केस काळेभोर, तोंडावर ओढणी. म्हटलं, बघा, कष्टाचं शरीर. म्हटलं, ताई, हात वर करा. तिने केला. कमरेच्या जरा वर आला आणि अडकला, आणि ती अशी कण्हली की शेकाचे आजोबा जागे झाले.

मग मी तिचा हात माझ्या हातात घेतला. आता तुम्ही म्हणाल, फिजिओला कळत नाही का? कळतं हो! सांधा हातात आला की कळतं, अडकलाय कुठे, आणि किती. मला कळलं. सांधा मोकळा होता. अगदी तेल घातल्यासारखा. पण बाईने खांदा असा गच्च धरलेला, असा धरलेला, की सोडायलाच तयार नाही. आणि माझ्या डोक्यात स्कॉटलंड पेटलं. तिथे एक पूर्ण सत्र आम्हाला हेच शिकवलं होतं, की कधी कधी सांधा बरा झालेला असतो आणि माणूस भीतीनेच तो हलवत नाही. मी धावत सरांकडे. म्हटलं, सर, हिचा खांदा आखडलेला नाहीये, मन आखडलंय! सर माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, काय सांगतेस. म्हटलं, हो, भीती आहे सर, भीती. तिला विश्वास द्यायचा.

आणि दिला. तुम्हाला सांगते, असा विश्वास मी आयुष्यात कोणाला दिला नसेल. आधी शेक. तेव्हा ती डोळे मिटून अशी पडायची, की मला वाटायचं हिला घरी कोणी टेकू देत नसणार. मग भिंतीपाशी उभं करून बोटं एकेक पायरी वर न्यायची, मग काठी, मग कप्पी. दर वेळी हात थोडा वर. मी टाळ्या वाजवायचे. ती हसायची, पुढच्या वेळी अजून थोडा वर. मी पट्टीने कोन मोजायचे, लिहायचे, सरांना नेऊन दाखवायचे. एकही दिवस चुकवला नाही बाईने. आमच्याकडे नियम आहे, लागोपाठ तीनदा आला नाहीत की नंबर कापला जातो आणि पुन्हा रांगेच्या शेपटीला. बाकीच्यांचे नंबर पटापट कापले जायचे, हिचा कधीच नाही. वर्गात मी 'हात कोणाचा?' म्हटलं की सगळ्यात मोठा आवाज हिचा. आणि एक दिवस बाईंचा हात कानाला लागला. सरळ. आभाळाकडे. मी सरांना म्हटलं, सर, फुकटचं अंगाला लागत नाही ना? बघा. सरांनी बघितलं आणि त्या दिवशीचा कटिंग त्यांनी पाजला.

आणि मग आला मोठ्या डॉक्टरांच्या तपासणीचा दिवस. भूल द्यायची की नाही ते त्या दिवशी ठरणार. मी सकाळपासून तयार. सर आलेले, मोठे डॉक्टर आलेले, एक्स-रेवालेसुद्धा डोकावून बघतायत. मी ऐटीत पुकारलं, सुगंधा!

आणि एक बाई उठली. जिला मी जन्मात कधी बघितलेलं नव्हतं.

जाडशी, कपाळावर मोठं कुंकू, उजवा हात पोटाशी धरलेला. मी म्हटलं, मावशी, थांबा जरा, सुगंधाचा नंबर आहे. ती म्हणाली, होय, मीच ती. म्हटलं, नाही हो, आमची सुगंधा. आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून एक ओळखीचा हात वर गेला. सरळ, कानाला लागलेला, आभाळाकडे. आमची सुगंधा मला तिथून खुणावत होती, मॅडम, मी हितं आहे, चालू द्या.

मोठ्या डॉक्टरांनी पेपर बघितला, मग ही सुगंधा बघितली, मग ती.

ती आमची सुगंधा म्हणजे जयंती. सुगंधाची धाकटी जाऊ. मी दोघींना कोपऱ्यात घेतलं. म्हटलं, हे काय आहे? तर जयंती उलट मलाच समजावते. भांडुपच्या टेकडीवर त्यांची वस्ती, वर नळाला पाणी सकाळी येतं, नेमकं माझ्या वर्गाच्या वेळेला, आणि येतं म्हणजे काय, आलं आलं म्हणेपर्यंत जातं. तर दोन जावांनी कामं वाटून घेतली. पाण्याच्या रांगेला तोंड लागतं, ते सुगंधाकडे आहे. हॉस्पिटलात काय, नुसतं बसायला लागतं, ते जयंतीला जमतं. वस्तीत सगळं असंच चालतं म्हणे. रेशनला एकीची सासू दुसरीच्या जागी उभी राहते, शाळेतल्या पालकसभेला जी मोकळी असेल ती चौघींच्या पोरांचं ऐकून येते. नंबर कापला जाऊ नये हे महत्त्वाचं. नंबर कापला तर वहिनीला परत रांग, मग भूल, मग ते गावचं... म्हणून एकही दिवस चुकवला नाही. सुरुवातीला वहिनीचा हात जेवढा जातो तेवढाच मोजून वर नेला. मला फसवायला म्हणून नाही हो. तिचं काम इमानदारीने करायचं म्हणून.

मी म्हटलं, मग नंतर वर का नेलात? तर ती पोरगी, पोरगीच म्हणते, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल, खाली बघून म्हणाली, 'तुम्ही एवढ्या खुश व्हायच्या, मॅडम.'

  मी सुगंधाकडे वळले, म्हटलं, 'अहो, पण व्यायाम तुमच्या हाताला हवाय! हात कोणाचा आहे?'

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मलाच काहीतरी झालंय.

'मगे? घरचोच हात ना गो तो,' ती म्हणाली.

मोठ्या डॉक्टरांनी तिचा खरा हात उचलला. कमरेच्या वर आला आणि अडकला. उलट आधीपेक्षा खालीच अडकला, कारण मधल्या काळात तो कोणी हलवलाच नव्हता. डॉक्टर भला माणूस, पण म्हणाले, मी भुलीची तारीख घालतो. हे ऐकलं आणि जिच्या तोंडाला म्हणे अख्खी टेकडी घाबरते त्या बाईने जयंतीची ओढणी गच्च धरली. रडली नाही, काही नाही.  मी म्हटलं, डॉक्टर, एक महिना द्या. ते म्हणाले, तुमच्या पट्टीप्रमाणे हिचा हात कानाला लागतोय. मी म्हटलं, एकच महिना. त्यांनी दिला. जाताना सरांकडे बघून हसले, आणि सर हसले नाहीत, ही एक गोष्ट मी त्यांची कधी विसरणार नाही.

पण महिना मिळाला, पुढे काय? सकाळी पाणी, आणि पाणी संपलं की सुगंधा जाते मुलुंडला, दोन घरी तान्ही पोरं सांभाळायला, ती थेट संध्याकाळी येते. संध्याकाळी आमची खोली बंद. म्हटलं, जयंतीला पाठवा पाण्याला. तर मावशी म्हणाल्या, तिला लोक ढकलून पुढे जातात. एकदा पाठवलेलं, तर घरात दोन दिवस आंघोळ नाही. मग मी तेच केलं जे स्कॉटलंडला शिकलेली मुलगी करते. सरांकडे गेले आणि वस्तीभेट मागितली. म्हटलं, पेशंट आपल्याकडे येत नसेल तर आपण पेशंटकडे जायचं. सर म्हणाले, जा, शेकाची पिशवी घेऊन जा, नाहीतर वर घेणार नाहीत तुला.

ती टेकडी तुम्ही बघितलीय का? पायऱ्या अशा की वर पोचेपर्यंत मलाच फिजिओ लागावा. वर नळ, नळाभोवती हंडे, ड्रम, कळश्या, निळ्या-हिरव्या नळ्या, आणि बायका. मी सुगंधाला नळासमोरच्या भिंतीशी उभं केलं, खडूने एक रेघ मारली, म्हटलं, इथवर बोटं न्यायची. तिने बोटं लावली मात्र, आणि नजर नळावर. बोट एक पायरी वर, 'गो ए, तो हंडो मागे घे!', बोट परत खाली. अजून एक पायरी वर, 'नंबर कोणाचो असा?', परत खाली. अर्ध्या तासात खांदा होता तिथेच आणि रांगेतल्या चार बायका रडकुंडीला आलेल्या. मी म्हटलं, मावशी, लक्ष इकडे द्या. ती म्हणाली, लक्ष इकडे दिलं तर पाणी कोण भरणार, तू भरतेस?

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. नाही का? कोणीही शहाणी मुलगी गप्प बसली असती. पण ज्या बाईला भुलीची तारीख पडणार आहे तिच्यापुढे गप्प कसं बसायचं, तुम्हीच सांगा.

मी म्हटलं, मी उभी राहते.

आणि उभी राहिले. पांढरा कोट घालून, हंड्याजवळ. पहिल्या दिवशी मी काय बोलले माहितीये? 'एक्स्क्यूज मी, ताई, ह्यांचा नंबर आधी आहे, तुम्हाला चालत असेल तर प्लीज...' चालत असेल तर! त्या ताईंना चालत नव्हतं. त्यांच्या मागच्या ताईंनाही चालत नव्हतं. घरात अर्धा ड्रम पाणी आलं, त्यात दोन बिऱ्हाडं. मी खाली मान घालून बसले तर सुगंधा रागावली नाही. तिने मला समोर उभं केलं, पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, 'गळ्यातसून नको काढू. पोटातसून काढ गो आवाज.' आणि दर वेळी मी जरा मोठ्याने ओरडले की ती टाळ्या वाजवायची. शपथ सांगते, टाळ्या. मला वाटलं, ही पद्धत आपण कुठेतरी बघितलीय.

मग असंच चाललं. सोमवार-गुरुवार सकाळी ती भिंतीशी, मी नळाशी. जयंती कप्पीच्या दोरीऐवजी साडीचा पट्टा खिडकीच्या गजाला बांधून वहिनीचा हात ओढायची, मोजून, न चुकता, कारण व्यायाम तिलाच सगळे पाठ. खाली वर्ग कोण घ्यायचं? सर. भाषण नाही म्हणून पेशंट वाढले असं ऐकते.

आणि शेवटच्या आठवड्यात एक दिवस काय झालं, त्या टेकडीवर भाऊराव म्हणून एकाचं दुकान आहे, त्याची बायको मोठा ड्रम घेऊन आली आणि सरळ आमच्या हंड्याच्या पुढे लावला. लावला तो लावला, वर मला म्हणते, तू कोण गं, तू इथली आहेस का? तुम्हाला सांगते, मला माहीत नाही मला काय झालं. ती कांजूरची, ती स्कॉटलंडची, ती पांढऱ्या कोटाची, सगळ्या कुठे गेल्या कोण जाणे, आणि पोटातून आवाज आला. असा आला की खाली रस्त्यावर रिक्षा थांबली म्हणतात. मी काय बोलले ते इथे सांगत नाही, मम्मीच्या कानावर जाईल, पण त्याचा सारांश असा, की हा नंबर आमचा आहे, आमच्या घरचा आहे, आणि ड्रम उचल. तिने उचलला.  

मी वळून बघितलं. सुगंधा भिंतीशी उभी. तोंड उघडं, नजर माझ्यावर, डोळ्यांत असा काही अभिमान की माझ्या आईच्या डोळ्यांत डिग्रीच्या दिवशीही नव्हता. आणि तिची बोटं खडूच्या रेघेच्या वर गेलेली. चांगली वीतभर वर. ती ऐकता ऐकता थांबायचं विसरली होती. मी बोट दाखवलं. तिने वर बघितलं, आपल्याच हाताकडे, कोणाचा आहे असं बघावं तसं, आणि मग अगदी हळू तो हात मागे नेला आणि आपल्या अंबाड्याला लावला. जयंतीने घातलेल्या अंबाड्याला. तसाच सैल करून, पुन्हा बांधला. वाकडा झाला. पण बांधला.

मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. आधी आधार कार्ड बघितलं, मग तिच्या तोंडाकडे बघितलं, मग जयंतीला खोलीच्या बाहेर काढलं, आणि मग हात बघितला. भुलीच्या यादीतून नाव काढलं. सुगंधा तिथे रडली. जयंती बाहेर रडली. सर म्हणाले, त्यांना शेकाची वाफ लागली डोळ्यांना.

झालं, असं वाटतं ना? मलाही वाटलं. म्हटलं, मावशी, आता घरी रोज करा, महिन्यातून एकदा दाखवायला या. म्हणाल्या, होय होय. आणि पुढच्या सोमवारी सकाळी फोन, कुठे आहेस गो, पाणी सुटलं. म्हटलं, मावशी, आता हात बरा आहे ना तुमचा? तर म्हणाल्या, हात बरा आहे म्हणूनच हंडे आता मी उचलते, पण भाऊरावची बायको तुझ्याशिवाय कोणाला घाबरत नाही. मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, जा, वस्तीभेट आहे.

तर ते चालूच आहे अजून. आणि त्यात माझा बसला घसा. पूर्ण. पेशंटला 'हात कोणाचा' म्हणायला तोंड उघडलं तर नुसती हवा. सरांनी दम दिला, घशाच्या डॉक्टरला दाखव, आपल्याच हॉस्पिटलात नवीन बाई आल्यात, फुकट आहे, जात का नाहीस? पण जाणार कधी? सकाळी नळ, मग पेशंट, आणि त्यांची ओपीडी नेमकी माझ्या पेशंटांच्या वेळेला. दोनदा चुकवली. तिसऱ्यांदा चुकवली की नंबर कापला जाणार. मी बाकावर बसून विचार करतेय, तर जयंती आली वहिनीचं औषध न्यायला, आणि म्हणाली, द्या इकडे पेपर, मी बसते.

आणि तुम्हाला सांगते... मी दिला.

दुपारी आली परत. म्हटलं, काय म्हणाल्या डॉक्टर? म्हणाली, सगळं बघितलं आत, बॅटरी मारून, घसा एकदम झकास आहे म्हणाल्या, तरी काळजी म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याने गुळण्या करायला सांगितल्यात. मी हवेतल्या हवेत विचारलं, मग?

'मग काय, आजपासनंच चालू केल्यात की,' जयंती म्हणाली. 'तुम्ही टेन्शन घेऊ नका, मॅडम. एकपण दिवस चुकवणार नाही मी.'